विदा, व्यापार आणि पाठचिकित्सा : परतलेल्या एका विद्यार्थिनीच्या निमित्ताने

विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याचे पुढे काय होते, याविषयी आपल्या भाषाविभागांत अधूनमधून चर्चा होत असते. विद्यापीठात परत येणाऱ्या विद्यार्थ्याविषयी मात्र ती जवळजवळ होत नाही. त्यातही एखादा साहित्याचा पदव्युत्तर पदवीधर, आयुष्याची दहापंधरा वर्षे इतरत्र घालवून, साहित्याकडे नव्हे तर विदाविश्लेषण आणि व्यवसायव्यवस्थापन यांच्याकडे परत येत असेल, तर त्याची गणना हरवलेल्यांत करून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखकानेही तीन वर्षांपूर्वी असेच केले होते. ती चूक कशी ध्यानात आली हे सांगून, त्यावरून सुचलेले काही विचार अभ्यासकांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रसंग लखनौच्या आलमबागेतला आहे. नवाब वाजिद अली शाहने आपल्या आलमआरा बेगमेसाठी उभारलेल्या बागेचे नाव या वस्तीला मिळाले. १८५७ च्या लढाईत बाग इंग्रजी फौजेच्या हाती गेली आणि त्याच वर्षी मरण पावलेल्या जनरल हॅवलॉकचे थडगे तेथे झाले. आज दरवाजा उभा आहे. बाग उरलेली नाही. पुढे चारबागचे स्थानक, रेल्वेचे कारखाने आणि शेजारच्या मानकनगरातील रेल्वेची संशोधनसंस्था यांमुळे येथे नोकरदारांची वस्ती वाढली. फाळणीनंतर पंजाबी आणि सिंधी निर्वासितांनी चंदरनगर-सिंगारनगराच्या बाजूला घरे केली. रेल्वेच्या बदल्यांबरोबर आलेली आणि मग येथेच राहून गेलेली काही मराठी कुटुंबेही या गर्दीत आहेत. २०१७ पासून रस्त्याच्या डोक्यावरून मेट्रो धावते. तिच्या खालून बसस्थानकाकडे चालत गेले, की पूर्वी जेथे बँकेच्या आणि रेल्वेच्या परीक्षांच्या शिकवण्यांचे फलक असत तेथे आता ‘डेटा’ हा शब्द वाचावयास मिळतो.

अशाच एका मराठी घरातील सून माझ्या शेजारी राहते. शेजारधर्माने ती मला काका म्हणते, म्हणून एकेरी लिहितो. नागपूरला मराठी घेऊन ती एम.ए. झाली; लग्नानंतर आलमबागेत आली; एका खाजगी शाळेत काही वर्षे हिंदी आणि संस्कृत शिकविले; ती नोकरी गेल्यावर चौकातील एका चिकनच्या व्यापाऱ्याचे हिशेब घरी बसून लिहू लागली. बेचाळिसाव्या वर्षी तिने बिझनेस ॲनालिटिक्स या विषयाच्या एम.बी.ए.ला प्रवेश घ्यावयाचे ठरविले आणि मला विचारावयास आली. मी म्हणालो, “इतकी वर्षे ज्ञानेश्वरी वाचलीस, आणि आता जमाखर्च शिकणार?” ती म्हणाली, “जमाखर्च मी घरात रोज करतेच आहे, काका. आता त्याची पदवी घेते.”

हे उत्तर त्या वेळी मला केवळ हजरजबाबी वाटले. त्यातील अर्थ पुढे उलगडत गेला.

प्रवेशाच्या मुलाखतीत तिला मुख्यतः एकच गोष्ट विचारण्यात आली : मधली वर्षे कोठे गेली? अर्जावर शिक्षणातील ‘खंड’ नोंदविण्यासाठी एक चौकट होती आणि तिच्या पुढे कारण लिहावयास अर्धी ओळ. शाळेतील अध्यापन, व्यापाऱ्याचे हिशेब, तीन लिप्यांतील वह्या वाचण्याचा सराव, हे सारे त्या अर्ध्या ओळीत ‘घरगुती कारणे’ होऊन बसले. विद्यापीठाचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. असा अर्ज आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असतो. कागदावर पाहावे तर परतणाऱ्यासाठी दारे पूर्वी कधी नव्हती इतकी उघडी आहेत. १९८५ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ झाले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शिक्षण सोडून पुन्हा धरण्यास मान्यता दिली. त्याच वर्षी मद्रासच्या आय.आय.टी.ने विदाशास्त्राचा घरबसल्या करावयाचा पदवी अभ्यासक्रम काढला. २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने दिली, आणि २०२३ च्या श्रेयांक आराखड्यात अनुभवालाही श्रेयांक देता येतील असे म्हटले आहे. दार उघडे आहे. पण आत येणाऱ्याने हातातले सामान बाहेर ठेवून यावे अशी अपेक्षा आहे.

प्रवेश मिळाला. पहिल्या सत्रात वर्गात अभ्यासासाठी जी विदा देण्यात आली ती दोन प्रकारची होती. एक, आयरिस नावाच्या फुलांच्या पाकळ्यांची आणि निदलांची मापे. दुसरी, १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरील उतारूंची यादी. ही दोन्ही उदाहरणे जगभर वापरली जातात आणि त्यात गैर काही नाही. आयरिसची मापे एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने गोळा केलेली आणि रोनाल्ड फिशर याने १९३६ साली संख्याशास्त्रात अमर केलेली आहेत. नवशिक्याने स्वच्छ, आखीवरेखीव विदेवर हात बसवावा हे समजण्यासारखे आहे. परंतु चार सत्रांपैकी तीन सत्रे असल्याच विदेवर काढावयाची, आणि वर्गातील चाळीस विद्यार्थ्यांना एकच उत्तर आणावयास लावायचे, यातून विद्यार्थ्याच्या मनावर एक चुकीची गोष्ट ठसते : विदा ही कोठूनतरी तयार होऊन येते आणि आपले काम ती पुढे चालविण्याचे आहे.

येथे शब्दाविषयी थोडेसे. ‘डेटा’ हा लॅटिन शब्द; त्याचा अर्थ ‘दिलेले’. मराठीत त्यासाठी ‘आधारसामग्री’, ‘विदा’ असे पर्याय रूढ करण्याचा प्रयत्न झाला. त्यांपैकी ‘विदा’ हा सुटसुटीत आहे आणि ‘जाणणे’ या अर्थाच्या ‘विद्’ धातूशी नाते सांगतो, म्हणून मी तोच वापरीत आहे. लखनौत मात्र हा शब्द उच्चारण्याची सोय नाही. मी एकदा एका हिंदीच्या प्राध्यापकमित्राला ‘आमच्या शेजारची सून विदा शिकते आहे’ असे सांगितले, तेव्हा त्याने गंभीरपणे विचारले की, इतक्या वर्षांनी ती माहेरी निघाली काय! तरीही ‘दिलेले’ आणि ‘जाणलेले’ या दोन अर्थांमधील अंतर लक्षात ठेवण्याजोगे आहे. जे आपल्याला दिलेले म्हणून मिळते ते कोणीतरी, कोणत्यातरी हेतूने, कोणत्यातरी लिपीत लिहून ठेवलेले असते. हे भाषेच्या विद्यार्थ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

शेवटच्या सत्रात प्रत्येकाने एखाद्या व्यवसायाची प्रत्यक्ष विदा घेऊन प्रकल्प करावयाचा होता. तिने साहजिकच आपल्या व्यापाऱ्याच्या वह्या घेतल्या. लखनौच्या चिकनकामाला २००८ साली भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली, त्याचा गवगवा पुष्कळ झाला. पण हे काम कसे चालते याची कल्पना बाहेरच्यांना थोडी असते. कापड बेतून, त्यावर लाकडी ठशांनी कच्च्या रंगात नक्षी उमटवून, ते मध्यस्थांमार्फत शहरातील आणि काकोरी-मलिहाबादकडील गावांतील स्त्रियांकडे जाते. त्या घरी बसून टाके घालतात. टेपची, बखिया, मुर्री, फंदा, जाली अशी टाक्यांची नावे आहेत, आणि एकाच कुर्त्यावरील मुर्री एकीने, जाली दुसरीने केलेली असू शकते. मग कापड धुण्यासाठी जाते आणि कच्चा रंग निघून फक्त टाका उरतो. मजुरी नगावर मिळते, ती टाक्याप्रमाणे ठरते, आणि कोणी किती काम केले याचा एकमेव पुरावा म्हणजे व्यापाऱ्याची वही.

या वह्या तीन हातांच्या होत्या. सर्वांत जुना मुनीम उर्दूत शिकलेला. तो नागरी लिहीत असे, पण उर्दूच्या सवयीने ऱ्हस्व स्वरांकडे दुर्लक्ष करी. दुसरा अवधी बोलणारा. तो ‘श’ऐवजी सर्रास ‘स’ लिही. तिसरा व्यापाऱ्याचा पुतण्या. तो सारे संगणकावर रोमन लिपीत भरी आणि दीर्घ ईकारासाठी कधी दोन ‘ई’ लावी, कधी एका ‘आय’ने भागवी. त्यात ‘बानो’, ‘बेगम’, ‘खातून’ ही उपपदे कधी लावलेली, कधी गाळलेली. व्यापाऱ्याने मजुरी थेट बँकेच्या खात्यात भरावयाचे ठरविले तेव्हा पुतण्याने एका तयार आज्ञावलीच्या साहाय्याने ‘दुबार नावे’ काढून टाकली होती.

अशा आज्ञावल्या ज्या तत्त्वावर चालतात ते सोपे आहे. एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यास किती अक्षरे बदलावी लागतात हे मोजावयाचे. जेथे फरक थोडा तेथे नाव एकच समजावयाचे. व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ साली मांडलेले हे अंतर आज सर्वत्र वापरले जाते. आता पाहा : ‘शकीला’ आणि ‘सकीला’ यांत एका अक्षराचा फरक आहे. ‘शकीला’ आणि ‘शकीरा’ यांतही एकाच अक्षराचा. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही जोड्या सारख्याच. परंतु अवधी बोली ज्याच्या कानावर आहे त्याला कळते की, पहिली जोडी ही एकच बाई आहे आणि दुसऱ्या जोडीत दोन बाया आहेत. हे कळण्यासाठी गणित पुरत नाही. त्यासाठी त्या मुनिमाच्या तोंडची बोली ठाऊक असावी लागते.

तिने जे केले ते मला तिने एका संध्याकाळी वह्या पसरून दाखविले. प्रथम तिने तीन हात वेगळे केले. प्रत्येक हाताच्या चुकांची स्वतंत्र यादी केली. कोणता मुनीम कोणते अक्षर कोणत्या जागी बदलतो याचे नियम बांधले, आणि मग ते नियम आज्ञावलीत घातले. त्यामुळे ‘सकीला’ ‘शकीला’शी जुळली आणि ‘शकीरा’ वेगळी राहिली. हे करताना तिला आढळले की, जुन्या वहीत काही नावांसमोर समासात बारीक ‘ब’ काढलेला आहे. संगणकावर भरताना पुतण्याने तो सोडून दिला होता. तो डाग असावा किंवा ‘बाकी’ असावी, असे त्याला वाटले. एका रविवारी ती काकोरीकडे बसने जाऊन आली. त्या गावात शकीला नावाच्या दोन बाया होत्या. गाव त्यांना ‘बडकी’ आणि ‘छोटकी’ म्हणत असे. समासातला ‘ब’ हा ‘बडकी’चा होता. संगणकाने दोघींची एक केली होती, आणि एकीची मजुरी दुसरीच्या खात्यात काही महिने जात होती.

“काका,” ती म्हणाली, “हे सगळं मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकले होते. तेव्हा त्याला पाठचिकित्सा म्हणत.”

हे वाक्य ऐकल्यापासून मी आपल्या विषयाकडे वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो. विदाशास्त्रात ज्याला ‘विदा स्वच्छ करणे’ म्हणतात, आणि ज्यात त्या क्षेत्रातील माणसांचा बहुतेक वेळ जातो, ते काम आपल्या परंपरेला नवे नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या भ्रष्ट झालेल्या प्रती पाहून तिचे शुद्धीकरण केले, ते हेच. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९२५ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादकत्व स्वीकारले आणि १९३३ साली आदिपर्वाच्या प्रस्तावनेत आपली पद्धती मांडली. १९६६ साली ते काम पुरे झाले तोवर बाराशेंहून अधिक हस्तलिखिते पडताळली गेली होती. हे सुकथनकर मूळचे गणिताचे विद्यार्थी. केंब्रिजला गणित करून ते बर्लिनला ल्यूडर्स यांच्याकडे भाषाविद्येसाठी गेले. गणिताकडून भाषेकडे गेलेल्या या माणसाला आपण परागंदा म्हणत नाही. उलट त्याच्या काटेकोरपणाचे श्रेय त्या गणिताला देतो. मग भाषेकडून गणिताकडे निघालेल्या माणसाला वेगळा न्याय का?

पाठचिकित्सेत एक जुने सूत्र आहे की, हस्तलिखिते मोजावयाची नसतात, तोलावयाची असतात. एकाच भ्रष्ट प्रतीवरून उतरलेल्या पन्नास पोथ्यांचे एकमत हे पन्नास साक्षीदारांचे एकमत नव्हे. परस्परांशी संबंध नसलेल्या काश्मिरी आणि मलयाळी पोथ्या जेथे जुळतात तेथे मात्र दोनांचे वजनही मोठे. ज्या काळात यंत्राला कोट्यवधी पाने खाऊ घालून केवळ बहुमताने उत्तर काढण्याकडे कल आहे, त्या काळात हे सूत्र विदाशास्त्राच्या पहिल्या सत्रात शिकवावयास हवे. शिकविणार कोण? एस. एम. कत्रे यांचे १९४१ चे पाठचिकित्सेवरील पुस्तक ज्यांच्या कपाटात आहे, तेच. आणि त्या कपाटांवर धूळ बसलेली आहे.

लखनौपुरते बोलावयाचे तर या गावाला हा संयोग नवा नाही. लखनौ विद्यापीठातील मानवशास्त्रज्ञ डी. एन. मजुमदार यांनी १९४१ साली संयुक्त प्रांतातील लोकांची मोजमापे घेतली. महालनोबिस आणि सी. आर. राव यांनी त्यांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण केले, आणि तिघांच्या नावाने तो प्रबंध १९४९ साली ‘सांख्य’मध्ये आला. मोजणारा एक, गणित करणारे दुसरे, आणि तिघेही लेखक. याच राव यांची सुरुवातीची हकीकत आपल्या विषयाशी लागू आहे : गणितात एम.ए. होऊन नोकरी न मिळाल्यामुळे ते कलकत्त्यास गेले, आणि तेथे योगायोगाने कळल्यावरून भारतीय संख्याशास्त्र संस्थेत पुन्हा शिकावयास बसले. आपल्याकडे इरावती कर्वे यांनी महाराष्ट्रभर हिंडून तशीच मोजमापे घेतली आणि ‘युगान्त’ही लिहिले; त्यांना या दोहोंत विरोध जाणवला नाही.

आणि भातखंडे. मुंबई-कराचीत वकिली केलेला हा मराठी माणूस १९२६ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, लखनौत मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू करतो. २०२२ पासून त्याच संस्थेचे त्यांच्या नावाचे विद्यापीठ झाले आहे. घराण्याघराण्यांतून चिजा मिळवून, त्यांचे पाठभेद पाहून, स्वरलिपीत बांधून आणि रागांचे दहा थाटांत वर्गीकरण करून त्यांनी जे उभे केले, त्याला आजच्या भाषेत दुसरे काय म्हणणार? मात्र येथेच एक सावधगिरीची सूचनाही मिळते. दोन्ही मध्यम लागोपाठ घेणारा ललित त्या दहा चौकटींपैकी कोणत्याच चौकटीत सुखाने बसत नाही, आणि गवयांनी ही तक्रार तेव्हापासून चालविली आहे. चौकट केली की काहीतरी बाहेर राहते. भातखंड्यांना हे ठाऊक होते, कारण ते राग कानाने ऐकत होते. ज्याने तो ऐकलाच नाही, ज्याच्या हाती केवळ चौकट आली, त्याला ते कळणार नाही.

यावर आक्षेप येईल की, हे सारे विद्येचे झाले. ही बाई तर व्यापारासाठी शिकते आहे. हा आक्षेप माझ्याही मनात होता, आणि त्यात जातीचा आणि वर्गाचा एक जुना वास आहे हे कबूल केले पाहिजे. मराठी साहित्याच्या इतिहासात हिशेबाची वही आपण कधीच आतल्या खोलीत येऊ दिली नाही. तुकोबांचा वाण्याचा धंदा आपण चरित्रात सांगतो तो मुख्यतः त्यांनी कर्जखते इंद्रायणीत टाकली हे सांगण्यासाठी. पण ज्या पेशवे दफ्तरावर आपला अर्धा इतिहास उभा आहे, त्यातील कितीतरी रुमाल निव्वळ जमाखर्चाचे आहेत. गो. स. सरदेसाई यांनी बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर, पासष्टीच्या घरात, त्या दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या चारपाच वर्षांत काढले. मोडीतील रोजकीर्द वाचणारा इतिहासकार ठरतो आणि रोमन लिपीतील रोजकीर्द वाचणारी कारकून, हा भेद कागदाच्या वयावरून करावयाचा काय?

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. असले अभ्यासक्रम महाग आहेत. त्यांच्या जाहिराती नोकरीचे जे आश्वासन देतात ते चाळिशीतील माणसाच्या बाबतीत क्वचितच पाळले जाते. आणि त्यांत शिकविली जाणारी हत्यारे लवकर बोथट होतात. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यानंतर आज्ञावली लिहिण्याचे प्राथमिक काम यंत्रच करू लागले आहे. जे कौशल्य दोन वर्षे पैसे मोजून शिकावे आणि बाहेर पडेतो ते यंत्राने फुकट करावे, त्यासाठी कोणाला विद्यापीठात परत जाण्याचा सल्ला द्यावा, हा प्रश्न मला अजूनही पडतो. परंतु याचे उत्तर परतू नये असे नाही. हत्यार स्वस्त झाले की ते कशावर चालवावयाचे हे ज्याला कळते त्याची किंमत वाढते. वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला समासातला ‘ब’ दिसला नसता. तो दिसण्यासाठी मधली सोळा वर्षे लागली. तीच वर्षे अर्जावर ‘खंड’ म्हणून नोंदलेली आहेत.

तिच्या प्रकल्पाला गुण बेताचे मिळाले. परीक्षकांचा शेरा असा की, गावी जाऊन चौकशी करणे ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरता येणारी नाही. हा शेरा अगदीच चुकीचा नाही. लाखो नावे असतील तर लाख दारे ठोठावता येत नाहीत. पण तिने दार एकच ठोठावले होते, बाकीचे काम नियमांनी केले होते, आणि ते नियम बोलीच्या अभ्यासातून आले होते. तो भाग तपासण्यासाठी लागणारा माणूस त्या विभागात नव्हता. तो आपल्या विभागात असतो, आणि आपण त्या इमारतीत जात नाही.

या बाबतीत आपण अगदी रिकाम्या हाताचे आहोत असेही नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ या एका वर्षातील छापील मजकुरातून दहा लाख शब्दांचा संग्रह संगणकावर बांधला. तो भारतीय इंग्रजीचा होता, हे आपल्या प्राधान्यक्रमाविषयी बरेच सांगते. १९९१ पासून केंद्र सरकारच्या योजनेत भारतीय भाषांचे शब्दसंग्रह तयार होऊ लागले आणि मराठीचे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे आले. २०२२ साली ‘भाषिणी’ सुरू झाली. परंतु या कामांत मराठीचा एम.ए. झालेला माणूस बहुधा नगावर मजुरी घेणारा शब्द-नोंदणीकार म्हणूनच येतो. चिकनच्या टाक्यासारखेच हे. नक्षी दुसऱ्याची, टाका आपला, आणि धुतल्यावर नाव कोणाचेच उरत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की, भाषाविभागांनी पाठचिकित्सेची प्रश्नपत्रिका ऐच्छिक विषयांच्या तळातून वर काढावी आणि ती विदाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना उघडी करावी. हस्तलिखितांबरोबर मतदारयाद्या, शिधापत्रिका, दुकानांच्या वह्या तिच्यात तपासावयास घ्याव्यात. व्यवस्थापनाच्या प्रकल्पांवर भाषेचा एक परीक्षक असावा. परतणाऱ्याच्या अर्जात अर्ध्या ओळीच्या जागी एक पान असावे. हे कोणत्याही एका विभागाला आपल्या बैठकीत ठरविता येईल इतके लहान आहे, आणि म्हणूनच कदाचित होणार नाही; मोठ्या योजनांना आपल्याकडे लवकर मंजुरी मिळते.

तिला अद्याप नोकरी मिळालेली नाही. दोन ठिकाणी मुलाखती झाल्या. एकीकडे वय विचारले, दुसरीकडे नागपूरची पदवी पाहून ‘मराठीचा येथे काय उपयोग’ असे विचारले. चौकातील व्यापाऱ्याने मात्र वह्यांचे सगळे काम तिच्याकडे सोपविले आहे आणि पगार थोडा वाढविला आहे. कत्र्यांचे पुस्तक माझ्याकडून नेले होते ते परवा परत आणून दिले. लेखनिकाच्या प्रमादांच्या प्रकरणात समासात पेन्सिलीने टाक्यांची आणि बायकांची नावे लिहिलेली आहेत. मी ती खोडलेली नाहीत. छोटक्या शकीलेच्या खात्यात चुकून गेलेली रक्कम तिने आपण होऊन मान्य केली आहे, पण ती खर्च होऊन गेली. बडकीचे पैसे कोणी आणि कसे भरावयाचे, यावर व्यापारी, पुतण्या आणि गावातील मध्यस्थ यांची बोलणी अजून चालू आहेत.